माळा, पेट्या आणि जिन्याखालची जागा : घर उपसण्याच्या नोंदी, भवानी पेठ, सोलापूर

६ एप्रिल २०२५, रविवार

कामाची हद्द ठरवली. आतली खोली, तिच्यावरचा माळा, जिन्याखालची जागा आणि गच्चीवरची पत्र्याची खोली. मिस्त्री मेच्या शेवटच्या आठवड्यात येणार. छत झिरपतंय, आतल्या दोन भिंतींचा गिलावा फुगलाय. त्याचं म्हणणं सरळ आहे, "खोली रिकामी द्या, सामान सरकवत बसायला मला वेळ नाही."

लेकीने मोबाइलवर कुठेतरी बघितलेला नियम सांगितला, वर्षभरात वापरलं नाही ते काढून टाकायचं. ऐकायला सोपा आहे. पण आमच्याकडची मोठी परात लग्नकार्याला निघते आणि लग्न काही दरवर्षी होत नाही. पुरणयंत्र होळीला आणि बैलपोळ्याला. उलट प्लास्टिकचे दही-श्रीखंडाचे डबे आई रोज वापरते, म्हणजे या नियमाने ते राहणार आणि परात जाणार.

म्हणून दुसरी पद्धत. वहीत तीन रकाने आखले : वस्तू, कुणाला, कोण नेऊन देणार. "बघू" असा रकाना ठेवलेला नाही. या घरात "बघू" म्हणून ठेवलेल्या वस्तूंवर माझ्या जन्माच्या आधीची धूळ आहे.

९ एप्रिल, बुधवार

आज पाणी आलं, त्यामुळे बाकी काम बंद. पण एक निर्णय झाला. निळे बॅरल आणि तांब्याचे हंडे यादीतून बाहेर. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, उन्हाळ्यात त्याहून लांबतं. पुण्याहून दादा फोनवर म्हणाला, "अरे, चार बॅरल कशाला लागतात घरात?" आई पलीकडून म्हणाली, "उजनीचं पाणी रोज येऊ दे, मग काढते म्हणावं."

ज्वारीची कोठीही बाहेर. मंगळवेढ्याकडची मालदांडी मार्चमध्येच भरून झाली आहे, मध्ये कडुलिंबाचा पाला घालून. ती कोठी आता हलवायची म्हणजे आधी पोत्यात उपसा, मग परत भरा. मिस्त्रीला सांगू, त्या कोपऱ्यात ताडपत्री टाक.

१३ एप्रिल, रविवार

माळ्यावरची पितळ-तांब्याची भांडी खाली घेतली. सकाळी सातला सुरुवात केली, दहानंतर माळ्यावर बसवत नाही, पत्रा जवळ आहे आणि बाहेर चाळिशीच्या वर. घंगाळ, कळशा, तपेली, झाकणाचे पितळी डबे, काशाच्या वाट्या आणि तांब्याचा बंब.

बंब खाली आला तेव्हा मी आणि दादा (व्हिडिओ कॉलवर) दोघंही हळवे झालो. लहानपणी त्याच्या तोटीखाली बादली लावायला भांडायचो वगैरे. दादा म्हणाला, "हा द्यायचा नाही. मी हॉलमध्ये ठेवतो, शोपीस म्हणून." आई शांतपणे म्हणाली, "ने की. पंचवीस वर्षं पहाटे उठून पेटवलाय मी तो. ढलप्या ओल्या असल्या की डोळ्यात नुसता धूर. मला तो परत बघायचा नाही."

हे मला अपेक्षित नव्हतं. मी धरून चाललो होतो की आई काहीच सोडणार नाही आणि मला तिची समजूत काढावी लागेल. बंबाबद्दलचं प्रेम फक्त गरम पाणी अंगावर घेणाऱ्यांचं होतं. घंगाळ मात्र तिला हवंय, त्यात गौरीची फुलं ठेवते.

बाकीच्यांचा हिशेब असा लावला. स्वयंपाकाच्या पितळी भांड्याला कल्हई लागते, नाहीतर आमटी कळकते. कल्हईवाला पूर्वी भाता घेऊन गल्लीत बसायचा, नवसागराचा धूर आणि कथलाचा चकाकता हात. आता तो शोधून आणावा लागतो. तेव्हा ज्यात शिजवायचं ती तपेली मोडीत, ज्यात नुसतं ठेवायचं ते डबे घरात. आईने यातला एक डबा परत मोडीकडे सरकवला, म्हणे झाकण कधीच नीट बसलं नाही.

काशाच्या वाट्या वेगळ्या काढल्या. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील, कथील महाग, म्हणून काशाचा भाव वेगळा. एका ढिगात दिल्या की सगळ्याला पितळेचा भाव लागतो. वजनाआधी लोखंडी कड्या काढून घ्यायच्या, नाहीतर दुकानदार अंदाजाने वजावट धरतो आणि तो अंदाज कधी आपल्या बाजूचा नसतो.

बंबापुढे वहीत लिहिलं : दादा. तिसरा रकाना मोकळा.

१६ एप्रिल, बुधवार

भंगारवाला आला. सायकलचा सांगाडा, गंजलेले पत्रे, तुटलेली लोखंडी खाट, जुना स्टोव्ह. त्याने चुंबक लावून लोखंड बाजूला केलं, स्टोव्हची पितळी टाकी त्याच्या नजरेतून सुटली नाही, माझ्याही नाही. जिन्याखालची अर्धी जागा मोकळी.

२० एप्रिल, रविवार

आहेराच्या पेट्या. यावर दिवस गेला आणि जावा असाच विषय आहे.

ज्या गावात चादर विणली जाते, भौगोलिक मानांकन मिरवते, त्या गावात लग्नाचा आहेरही चादरच. मग टॉवेल, मग टोपी, मग खण. दोन ट्रंका भरून निघाल्या, निम्म्या चादरी प्लास्टिकच्या पिशवीतच. काहींच्या घड्यांवर पिवळी रेघ पडली आहे, सुती कापड घडीतच वर्षानुवर्षं राहिलं की पडते. एका चादरीत घडीच्या आत अकरा रुपयांचं पाकीट सापडलं. म्हणजे ती आमच्याकडे येण्याआधीही कुणी उघडली नव्हती.

आईकडे आहेराची वही आहे. कुणी काय दिलं, कुणाच्या कार्यात आपण काय परत केलं, पानंच्या पानं. ही वही नसती तर आजचं काम अशक्य होतं, कारण आत्याने दिलेली चादर आत्याच्याच नातवाच्या बारशाला गेली तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल. हिने, म्हणजे बायकोने, विचारलं, "पण हे सगळं फिरवत ठेवायचंच कशाला? वापरूया ना." आईचं उत्तर, "चांगल्यातलं रोज कसं वापरायचं?" घरातले रोजचे टॉवेल विरून जाळी झालेत आणि पेटीत नवे कोरे पडून आहेत, हे दोन्ही तिला एकाच वेळी दिसत होतं. बोलली नाही काही.

दुपारी हिने चार कोरे टॉवेल काढून भिजत घातले. नव्या टॉवेलला खळ असते, पहिल्या धुण्यात पाणी नीट शोषत नाही. दोन-तीन धुणी झाली की फासे मोकळे होतात. संध्याकाळी जुने चार टॉवेल पुसणी म्हणून कापले, म्हणजे परतीचा रस्ता बंद.

स्टीलची भांडी ही या पेटीतली सगळ्यात अडेल वस्तू. "चि. अमुक यांच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ, तमुक परिवाराकडून सप्रेम भेट", तारखेसकट कोरलेलं. ती पुढे आहेरात देता येत नाहीत, मोडीत स्टीलला पितळेच्या जवळपासही भाव नाही. ताटं, वाट्या, पेले मिळून मोठा ढीग होता. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना विचारलं, दरवर्षी महाप्रसादाला पत्रावळ्यांवर खर्च करता, ताटं देतो, धुवायची जबाबदारी तुमची. एकजण म्हणाला, "काका, धुणार कोण पण?" दुसरा म्हणाला, "आधी घे की बे, नंतर बघू कोण धुतंय ते." हातगाडी घेऊन आले आणि घेऊन गेले. तमुक परिवाराची नावं आता गणपतीत शंभर लोक वाचतील.

चादरींचे तीन भाग : घरात वापरायला, आईच्या वहीप्रमाणे येत्या कार्यांसाठी मोजक्या, बाकी द्यायच्या. "द्यायच्या" पुढे नाव हवं. सरकारी दवाखान्याच्या आवारात पेशंटचे नातेवाईक रात्री फरशीवर झोपतात, हिच्या शाळेतल्या बाईंची बहीण तिथे नर्स आहे. तिने सांगितलं, वॉर्डात आणून देऊ नका, तिथे त्यांची पद्धत वेगळी असते. रात्री नऊनंतर बाहेरच्या शेडमध्ये या आणि हातात द्या. वहीत : शेड, मी, बुधवार.

२३ एप्रिल, बुधवार

शेडमध्ये चादरी दिल्या. एका आजोबांनी पोत पारखून विचारलं, "ही कुठल्या कारखान्याची?" ते बार्शीकडचे, तरुणपणी इथे मागावर होते.

२७ एप्रिल, रविवार

कागद. पोतंभर.

पहिलं ठरलं ते हे की कुणीही एकट्याने फाडायचं नाही. घरपट्टीच्या पावत्या, सिटी सर्व्हेचा उतारा, दागिन्यांच्या पावत्या एका फाइलीत. महावितरणची जुनी बिलं, संपलेल्या वॉरंटीची कार्डं, लग्नपत्रिका रद्दीत. आधारच्या झेरॉक्स, बँकेचे जुने स्टेटमेंट, रद्द चेक फाडून मग पोत्यात, कारण रद्दीच्या दुकानात कागदावरचं नाव, नंबर आणि सही एकत्र वाचता येतात. पत्रिकांवरचे गणपती आईने कापून वेगळे ठेवले. त्यावर वाद घातला नाही.

बाबांच्या पेन्शनची मूळ पीपीओ, म्हणजे पेन्शनचा नंबर असलेला आदेश, एका जुन्या कॅलेंडरच्या मागे चिकटलेली निघाली. आईला ईपीएस-९५ मधून (प्रॉव्हिडंट फंडाच्या पेन्शन योजनेतून) मिळणारं विधवा पेन्शन फार थोडं आहे (किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून हजार रुपयेच आहे), पण ते मिळतं याच नंबरावर आणि दर वर्षीचा हयातीचा दाखला याच नंबरावर होतो. त्याची लॅमिनेटेड प्रत पेटीत, फोटो तिघांच्या मोबाइलमध्ये.

रेडिओचं लायसनचं पुस्तक सापडलं, आतमध्ये पोस्टाची तिकिटं आणि शिक्के. लेकीला पटेना की रेडिओ ऐकायला लायसन लागायचं आणि ते पोस्टातून दरवर्षी नवं करावं लागायचं. रेडिओ केव्हाच गेला, पुस्तक तिने मागून घेतलं.

मग मसाल्याच्या जुन्या डब्याच्या तळाशी, कागदाखाली, नोटा. पाचशेच्या चार, जुन्या, ८ नोव्हेंबर २०१६ ला बंद झालेल्या. आईचा चेहरा बघण्यासारखा होता. त्या आता फक्त कागद आहेत. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा बंद नोटा दहापेक्षा जास्त जवळ ठेवणं दंडाला पात्र आहे, चारला हरकत नाही. म्हणून एक लेकीच्या वहीत, बाकी आईकडेच. ती म्हणते देवाजवळ ठेवते. ठेव.

त्याच डब्यात दोन हजारांची एक नोट. तिची गोष्ट वेगळी. मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती चलनातून मागे घेतली, पण ती रद्द झालेली नाही. सोलापुरातली बँक आता घेत नाही. रिझर्व्ह बँकेची ठरावीक कार्यालयं घेतात, महाराष्ट्रातली मुंबईची, बेलापूरची आणि नागपूरची. तिकडे जायची गरज नाही, पोस्टाने विमा उतरवून, अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि खात्याचा तपशील लावून पाठवता येते, पैसे खात्यावर येतात. वहीत : नोट, रिझर्व्ह बँक, मी.

१ मे, गुरुवार

सुट्टी. ऊन असं की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, तरी बोहारीण आली. या बायका चुकत नाहीत. पँट-शर्ट, मुलीचे लहानपणीचे फ्रॉक, ड्रेस. एक स्टीलचा डबा आणि चाळण देत होती, हिने घासाघीस करून कढई मागितली. मी मध्ये पडलो, "भांडी बाहेर काढायला निघालोय आपण, परत भांडीच?" शेवटी तिने रोख थोडे पैसे दिले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी व्यवहार बिघडवला.

आजीची इरकलची लुगडी तिला दाखवलीच नाहीत. विरलेली आहेत, पदराचा रेशमी भाग अजून लाल. आई म्हणाली, वाकळ (गोधडी) शिवून घेऊ. पत्र्याच्या खोलीत आधीच वाकळींची चवड आहे आणि माझ्या मते माळा रिकामा करून तीच वस्तू जाड होऊन माळ्यावर परत यायचा हा एकमेव प्रकार आहे. पण वाकळ पुण्याला जाणार, वहिनीने स्वतः मागितली आहे, दुसरा रकाना भरलेला. मंगळवार बाजाराजवळच्या एका बाईंकडे लुगडी दिली, दोरा त्यांचाच.

४ मे, रविवार

फर्निचर. आमच्या मागच्या खोलीत पूर्वी भाड्याने राहणाऱ्या मावशी, विड्या वळतात, आता कुंभारीला रे नगरमध्ये स्वतःच्या घरात गेल्या आहेत. तिथली पहिली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना मिळाली, त्यातलं एक. त्यांना दिवाण, लाकडी कपाट आणि भिंतीवरची मांडणी द्यायची असं आम्ही आपलं परस्पर ठरवून टाकलं होतं.

मावशी आल्या त्या सुतळीला गाठी मारून माप घेऊन आल्या. दिवाणाला सुतळी लावली आणि हसल्या. "हा दिवाण आत घेतला की आम्ही झोपायचं त्याच्याखाली." कपाटही नको, त्याचा दरवाजा उघडायलाच जागा नाही. मांडणी घेतली, दोन पाट घेतले, शिलाई मशीनचं नुसतं स्टँड घेतलं, त्यावर फळी टाकून पोराला अभ्यासाला टेबल होतं म्हणाल्या. जाता जाता गच्चीवरच्या बॅरलकडे बघून थांबल्या.

बॅरल यादीत नव्हते. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "झाकण हाय त्यातला ने. बिनझाकणाचा कशाला न्यायलीस?"

दिवाणाला अजून गिऱ्हाईक नाही. सागवानी आहे असं सगळे म्हणतात, न्यायला कोणी तयार नाही. लाकडाच्या वखारीत विचारलं तर जळणाच्या वरचा भाव सांगेनात. सुताराने तोड काढली : सुटा करून त्याची माळ्याला दारं करू. म्हणजे दिवाण घरातच राहिला, पण झोपून नव्हे, उभा.

६ मे, मंगळवार

संपलेल्या तारखेची औषधं स्ट्रिपमधून काढून, चहाच्या गाळात मिसळून कचऱ्यात. स्ट्रिप घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात. चांगल्या तारखेच्या बीपीच्या गोळ्या शेजारच्या काकांना द्यायचा आईचा विचार हाणून पाडला.

सीएफएलचे जुने दिवे वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळे ठेवले, त्यात पारा असतो, भंगारवाल्याच्या पोत्यात ते फुटणारच. जुने मोबाइल आतलं सगळं पुसून, चार्जर आणि मिक्सरची मोटर यांच्यासोबत एका खोक्यात. हे खोकं रीतसर ई-कचरा घेणाऱ्याकडेच जाईल, भंगारवाल्याकडे नाही. तारा जाळून तांबं काढताना कसला धूर निघतो ते आमच्या गल्लीच्या टोकाला सगळ्यांनी पाहिलंय.

१० मे, शनिवार

वहिनीचा फोन. "भावजी, स्पष्ट सांगते, बंबाला आमच्याकडे जागा नाही. हे तुम्हाला सांगणार नाहीत." दादाने दिवाळीत नेतो म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या रकान्यातलं नाव खोडलं. बंब मोडीत गेला, वजन चांगलं भरलं, जाळी लोखंडी होती ती आधी काढली. त्या पैशांतून मिस्त्रीची उचल दिली.

११ मे, रविवार

बाबांचं सामान शेवटी ठेवलं होतं. ते चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, मागांची देखभाल बघायचे. कारखाना बंद पडला तेव्हा माग भंगारात गेले आणि त्यांनी घरी आणलं ते असं : आडवा धागा नेणारे लाकडी धोटे, कांड्यांचं (धागा गुंडाळायच्या नळ्यांचं) एक पोतं आणि जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राच्या, भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे, दोरीने ओवलेले.

पूर्व भागातले अण्णा, बाबांचे जोडीदार, मुद्दाम बोलावले. त्यांनी गठ्ठा सोडला, एक-एक कार्ड खिडकीकडे धरून बघत गेले. भोक असेल तिथली दोरी उचलली जाते, नसेल तिथली खाली राहते आणि एका कार्डावर एक आडवा धागा पडतो. म्हणजे चादरीतला मोर हा शेकड्यांनी कार्डांत विभागलेला असतो. किनारीची कार्डं त्यांनी ओळखली. मधल्या नक्षीबद्दल म्हणाले, "मागावर चढवल्याबिगर कळत नाही. तुझ्या वडलानं मात्र यातली बरीच स्वतः पंच केलीत, हे बघ, भोकाची कड साफ हाय."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही.

यांचं करायचं काय? चालू कारखान्यांपैकी काहींकडे आता नक्षी कॉम्प्युटरवरून येते, कार्ड लागतच नाही. ज्यांच्याकडे जुने जकार्ड आहेत त्यांच्या हुकांची संख्या वेगळी, ही कार्डं तिथे बसणार नाहीत. रद्दीत पुठ्ठ्याचा भाव येईल. मला ती सगळी ठेवावीशी वाटत होती आणि अण्णा, ज्यांनी आयुष्य मागापुढे काढलं, म्हणाले, "सगळं ठेवून काय वाळवीला घालायलास?"

त्यांच्या ओळखीतल्या एका वस्त्रोद्योग शिकवणाऱ्या सरांना पूर्ण संच मुलांना दाखवायला हवाय. अट एकच, नंबर सलग हवेत. जेवणानंतर फरशीवर कार्डं पसरली. अण्णा, लेक आणि मी. दोन संच पूर्ण लागले, तिसऱ्यात मधली पंधरा-वीस कार्डं कसरीने खाल्लेली.

१८ मे, रविवार

संच सरांनी स्वतः येऊन नेले. तिसरा गठ्ठा आईने कुणाला न विचारता तिच्या पेटीत ठेवला. धोट्यांपैकी एक दादाला, एक अण्णांना, एक इथे. वहीत तिन्ही रकाने भरले.

विमा उतरवलेलं पाकीट रिझर्व्ह बँकेला गेलं, पावती फाइलीत.

२५ मे, रविवार

पावसाने मिस्त्रीच्या आधी हजेरी लावली. मे महिन्यातच असा पाऊस, आतल्या खोलीत दोन ठिकाणी बादल्या. खोली रिकामी असल्याने निदान भिजायला काही नव्हतं, ज्वारीच्या कोठीवर ताडपत्री आहे. मिस्त्री म्हणाला, उघडीप मिळाली की वरून आधी घेतो, आतलं प्लास्टर भिंत सुकल्यावर.

उरलेलं : ई-कचऱ्याचं खोकं आणि सीएफएल. दिवाणाच्या फळ्या सुताराकडे. वाकळ शिवून तयार आहे, पाऊस थांबला की आणायची. कांड्यांच्या पोत्यापुढे दुसरा रकाना अजून मोकळा. अण्णांनी विडी घरकुल वसाहतीतल्या एकाला विचारलंय, त्याच्याकडे जुने दोन माग चालू आहेत. तो मंगळवारी येऊन कांड्यांचं माप बघणार आहे.